रिपोर्टातली ही नावं कुणाची, आणि त्यातली लक्षात ठेवायची कोणती?

प्रश्न चिकोडी भागातल्या एका शिक्षकांचा आहे. वडिलांचा गुडघा दुखतो म्हणून एमआरआय काढला, तर रिपोर्टात 'बेकर्स सिस्ट', 'हॉफाज फॅट पॅड' आणि 'गर्डीज ट्यूबरकल' असे शब्द आले. आईच्या हाडांच्या घनतेची तपासणी केली, त्यात 'वॉर्ड्स' नावापुढचा आकडा लाल रंगात छापलाय. ही सगळी रोगांची नावं आहेत का? ही माणसं कोण? आणि मुलगी फिजिओथेरपी शिकते, तिच्या पुस्तकात यातली बरीच नावं आता कंसात गेली आहेत, तर तिनं ती पाठ करावीत का? असे तीन प्रश्न त्यांनी एकत्र विचारलेत.

मी बेळगावात हाडांचा डॉक्टर म्हणून बरीच वर्षं काम करतोय, शिकवतोही. अशा रिपोर्टाची घडी हातात धरून, रात्रभर झोप न लागलेली माणसं माझ्यासमोर नेहमी बसतात. म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी वडिलांचा गुडघा. त्या तीन नावांपैकी दोन नावं रोगांची नाहीतच. गर्डीज ट्यूबरकल तुम्हालाही आहे, मलाही आहे. नडगीच्या हाडाच्या वरच्या टोकाला, बाहेरच्या अंगाला, गुडघ्याच्या वाटीपासून जरा खाली आणि बाजूला बोट फिरवलंत तर एक उंचवटा लागतो, तो हा. मांडीच्या बाहेरून खाली येणारा रुंद, चिवट पट्टा तिथं येऊन चिकटतो. पिएर निकोला गर्डी हा पॅरिसचा सर्जन, 1797 ते 1856 हा त्याचा काळ. रेडिओलॉजिस्ट हे नाव लिहितो ते सूज किंवा खरचटलेलं हाड नेमकं कुठं आहे हे सांगायला. तो शरीरातला एक पत्ता आहे, एवढंच.

मात्र याच पत्त्याच्या किंचित वर आणि मागे हाडाची बारीकशी खपली उडालेली दिसली, तर तिच्याकडे दुर्लक्ष करू नका. तिला सेगाँ फ्रॅक्चर म्हणतात. कबड्डीच्या मैदानात किंवा कुस्तीत पाय रोवलेला असताना गुडघा पिळवटला की ही खपली उडते. एक्स-रेवर ती तांदळाच्या कणीएवढी दिसते. घरचे म्हणतात, "एवढीशी तर खपली आहे, चार दिवस पट्टा बांधू की." पण ती दिसली की गुडघ्याच्या आतलं एसीएल लिगामेंट, म्हणजे मांडीचं आणि नडगीचं हाड एकमेकांशी बांधून ठेवणारा चिवट पट्टा, बहुतेक वेळा तुटलेलं असतं. पॉल सेगाँनं हे 1879 मध्ये लिहून ठेवलं. राँटगेनला एक्स-रे सापडला 1895 मध्ये, म्हणजे सेगाँ हे सांगत होता तेव्हा हाडाचा फोटो ही गोष्टच जगात नव्हती. त्यानं शवांचे गुडघे वळवले, उघडून पाहिले आणि लिहिलं. मला या जुन्या लोकांबद्दल आदर वाटतो तो यासाठी. बोटं, डोळे आणि चिकाटी एवढ्यावर त्यांनी जे टिपलं, ते आजचं एमआरआय मशीन खरं ठरवतंय.

हॉफाज फॅट पॅड म्हणजे वाटीखालच्या जाड टेंडनच्या (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोरीच्या) मागची चरबीची गादी. हीसुद्धा प्रत्येकाला असते. अल्बर्ट होफा या जर्मन सर्जननं 1904 मध्ये तिच्या सुजेबद्दल लिहिलं. उताराच्या वयात गुडघा झिजला की या गादीलाही थोडी सूज येते, त्यामुळं वडिलांच्या रिपोर्टात तिचा उल्लेख आला यात नवल नाही. जिना उतरताना आणि उकिडवं बसून उठताना वाटीच्या दोन्ही बाजूंना खुपत असेल, तर ते तिच्यामुळं असू शकतं.

राहिला बेकर. हे मात्र सर्वांना नसतं. विल्यम मॉरंट बेकर हा लंडनचा सर्जन, त्यानं 1877 मध्ये गुडघ्याच्या मागं येणाऱ्या गाठींचं वर्णन केलं. गुडघ्यात झिजेमुळं पाणी वाढतं, आणि ते मागच्या बाजूला दोन स्नायूंच्या मधल्या फटीतून बाहेर पडून पिशवीत साठतं. गाठ हे नाव ऐकून लोक नको तिथं पोचतात, पण ही कर्करोगाची गाठ नव्हे. ती सुईनं काढली तरी पुन्हा भरते, कारण पाणी येतंय गुडघ्यातून. गुडघ्याची सूज उतरवली, मांडीचे स्नायू व्यायामानं बळकट केले, वजन थोडं कमी झालं, की ती बहुतेकांची लहान होते. एकच गोष्ट जपायची: ती फुटली तर पोटरी अचानक सुजते, तापते, दुखते, आणि चित्र हुबेहूब शिरेत रक्ताची गुठळी झाल्यासारखं असतं. तेव्हा घरी तेल लावून पोटरी चोळायची नाही. डॉप्लर, म्हणजे शिरांतला रक्तप्रवाह दाखवणारी सोनोग्राफी, करून घ्यायचं. गुठळी असेल आणि चोळली तर ती निसटून फुप्फुसात जाऊ शकते.

आईच्या रिपोर्टातला वॉर्ड्स म्हणजे वॉर्ड्स ट्रँगल. मांडीच्या हाडाच्या मानेत आतल्या तंतूंची जी जाळी असते, तिच्यात एक विरळ तिकोनी जागा असते. फ्रेडरिक ओल्डफील्ड वॉर्डनं ती 1838 मध्ये दाखवली. ती जागा मुळातच विरळ, त्यात वयाबरोबर ती सगळ्यांत आधी आणखी विरळ होते, त्यामुळं तिथला आकडा नेहमीच सर्वांत वाईट दिसतो. हाडं ठिसूळ झाली आहेत का हे ठरवायला तो आकडा वापरायचा नसतो. कणा, मांडीच्या हाडाची मान आणि पूर्ण खुबा, या तिन्हींचे टी-स्कोअर (तरुण, निरोगी हाडाशी तुलना करून काढलेला आकडा) बघायचे. त्यातला एखादा उणे 2.5 किंवा त्याहून खाली असेल तर औषधाचं बोलू. तपासणी शिबिरात फक्त लाल आकडा दाखवून कुणी पावडरचे डबे खपवत असेल, तर ते घेऊ नका.

तर रोग कुठला आणि जागा कुठली हे ओळखायची सोपी युक्ती सांगतो. माणसाच्या नावाकडं बघू नका, त्याच्या पुढच्या शब्दाकडं बघा. ट्यूबरकल, लिगामेंट, कॅनॉल, ट्रँगल, फॅट पॅड, जॉइंट असं असेल तर ती जागा, सर्वांच्या शरीरात असलेली. सिस्ट, फ्रॅक्चर, काँट्रॅक्चर, डिसीज, सिंड्रोम असं असेल तर ती तक्रार. निपाणीकडं विडी वळणाऱ्या बायकांच्या अंगठ्याच्या मुळाशी, मनगटावर जो ठणका लागतो, त्याच्या केसपेपरवर 'डी क्वेर्वेन्स' लिहिलेलं असतं. स्विस सर्जन फ्रिट्झ डी क्वेर्वेन यानं 1895 मध्ये ते दुखणं मांडलं. ही तक्रार. अंगठा मुठीत घेऊन मनगट करंगळीकडं वाकवलं की कळ येते. विश्रांती, अंगठ्याला आधार देणारा पट्टा, गरज पडल्यास एखादं इंजेक्शन एवढ्यानं बहुतेक जणी बऱ्या होतात. विश्रांती मिळणं हाच त्यातला अवघड भाग, कारण मजुरी वळलेल्या विड्यांवर ठरते.

आता मुलीचा प्रश्न, पुस्तकात नावं कंसात का गेली? एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस शरीररचनेत नावांचा नुसता गोंधळ झाला होता. एकाच भागाला पॅरिसमध्ये एक नाव, लंडनमध्ये दुसरं, लायपझिगमध्ये तिसरं. सुमारे 50,000 नावं वापरात होती. 1895 मध्ये स्वित्झर्लंडमधल्या बाझेल इथं शरीररचनाशास्त्रज्ञांनी ती छाटून पाच हजारांच्या आसपास आणली आणि माणसांच्या नावांऐवजी जागा आणि आकार सांगणारी लॅटिन नावं अधिकृत केली. 1955 मध्ये पॅरिसला त्यात सुधारणा झाली, 1998 मध्ये पुन्हा नवी अधिकृत यादी निघाली. म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वी अधिकृत पुस्तकातून गेलेली ही नावं वॉर्डात आणि ऑपरेशन थिएटरात अजून ठणठणीत आहेत.

मला त्याचं कारण आपल्या भागात रोज दिसतं. पेशंट मराठी बोलतो, सिस्टर कन्नड बोलते, रिपोर्ट इंग्रजीत असतो. एक्स-रे बेळगावात निघतो, दुसरं मत घ्यायला माणूस मिरजेला किंवा कोल्हापूरला जातो, नाहीतर हुबळीला. फोनवर पलीकडच्या डॉक्टरला 'लिस्फ्रँक आहे' एवढं सांगितलं की त्याला पायातली जागा, इजेचा प्रकार, निकड, सगळं कळतं. म्हणून मुलीला माझा सल्ला असा: परीक्षेत अधिकृत नाव लिही, पण माणसाचं नावही ओळखता आलं पाहिजे, कारण ज्येष्ठ डॉक्टर तेच बोलणार आहेत. पूपार्ट्स लिगामेंट म्हणजे जांघेतलं लिगामेंट, हंटर्स कॅनॉल म्हणजे मांडीच्या आतल्या बाजूचा रक्तवाहिनीचा मार्ग, गियोन्स कॅनॉल म्हणजे तळहाताच्या करंगळीकडच्या बाजूची नसेची वाट. एवढं नुसतं ओळखीचं असलं तरी चालेल. पण चार जागा अशा आहेत की त्या नुसत्या पाठ करून भागणार नाही. त्या बोटांना माहीत पाहिजेत, कारण तिथं निदान चुकलं की माणूस जन्माचा अधू होतो.

पहिली अकिलिस टेंडन. इथं माणूसही खरा नाही, ग्रीक कथेतला वीर आहे. आई थेटिसनं त्याला बाळपणी स्टिक्स नदीत बुडवलं तेव्हा टाच तिच्या मुठीत राहिली, आणि तेवढीच कोरडी राहिल्यामुळं पुढं तिथंच बाण लागून तो मेला. टाचेमागच्या दोरीला त्याचं नाव फ्लँडर्सच्या फिलिप फेरहेयन यानं 1693 च्या आपल्या ग्रंथात दिलं. शरीरातलं हे सर्वांत जाड आणि बळकट टेंडन. धावताना त्यावर शरीराच्या वजनाच्या सहा ते आठ पट ताण येतो. पण टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटिमीटर वरच्या पट्ट्यात त्याला रक्तपुरवठा कमी, आणि ते तुटतं ते बहुधा तिथंच.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे. खानापूर, चंदगडपासून निपाणीपर्यंतच्या गावांत पहाटे मुलं भरतीसाठी डांबरी रस्त्यावर पळत असतात. कुणाच्या पायात झिजलेले बूट, कुणी अनवाणी. सहा महिने काहीच केलेलं नसतं आणि भरती जाहीर झाली की रोज आठ-दहा किलोमीटर. त्यांची टाच सकाळी उठल्यावर आखडते, चार पावलं टाकली की मोकळी होते, म्हणून ते पळणं थांबवत नाहीत. पोरांनो, ती टेंडनची तक्रार आहे, ऐका तिचं. अंतर हळूहळू वाढवा, मातीवर पळा. पायरीच्या कडेवर चवडे टेकून टाच सावकाश खाली सोडायचा व्यायाम रोज करा. आणि टेंडनमध्ये स्टेरॉइडचं इंजेक्शन कुणाला देऊ देऊ नका. दुखणं थांबतं आणि दोरी आतून कमकुवत होते. ताप-जुलाबासाठी सर्रास दिल्या जाणाऱ्या सिप्रोफ्लॉक्सॅसिन, लेव्होफ्लॉक्सॅसिन या गोळ्यांनीही टेंडन तुटायचा धोका वाढतो. वयस्कर माणसांत, आणि सोबत स्टेरॉइड चालू असेल तर जास्तच. ही गोळी चालू असताना टाच दुखायला लागली तर ती बंद करण्याबद्दल डॉक्टरांशी त्याच दिवशी बोलायचं.

तुटल्याची गोष्ट पेशंट जवळजवळ एकाच शब्दांत सांगतात: "मागनं कुणी तरी लाथ मारली म्हणून वळून बघितलं तर कुणीच नाही." फट् असा आवाजही काहींना येतो. पण फसगत पुढं होते. दुखणं दोन दिवसांत कमी होतं, माणूस लंगडत का होईना चालतो, पाऊल खालीही दाबता येतं, कारण पोटरीतले दुसरे स्नायू ते काम थोडंफार करतात. म्हणून लोक 'शीर भरली' समजून लेप लावून बसतात. पेशंटला पालथं झोपवा, पावलं पलंगाबाहेर लोंबती ठेवा आणि पोटरी मुठीत दाबा. टेंडन शाबूत असेल तर पाऊल आपोआप हलतं. तुटलं असेल तर पाऊल लोंबतंच राहतं. सिमंड्सनं 1957 मध्ये आणि थॉम्प्सननं 1962 मध्ये ही तपासणी छापली, आणि तिला यंत्र लागत नाही की पैसा लागत नाही. तालमीतल्या वस्तादांना ती मी आवर्जून दाखवतो. पहिल्या आठवडा-दोन आठवड्यांत आलं तर प्लास्टरनं किंवा शिवून चांगलं बरं होतं. दोन महिन्यांनी आलं तर मधली फट भरायला दुसरीकडचं टेंडन आणावं लागतं.

दुसरी जागा लिस्फ्रँक जॉइंट, पावलाच्या मधोमध, जिथं बोटांकडची लांब हाडं मागच्या घडवंचीला जोडलेली असतात. झाक लिस्फ्रँक हा नेपोलियनच्या सैन्यातला सर्जन. त्यानं या इजेचं वर्णन केलेलंच नाही. भूल देण्याची सोय नव्हती त्या काळात, 1815 मध्ये, सडलेलं पाऊल या सांध्यातून झटपट कापून टाकायची रीत त्यानं मांडली, आणि सांध्याला नाव चिकटलं. आपल्याकडं ही इजा होते मोटारसायकलवरून पडताना पाऊल अडकून, उसाच्या ट्रॉलीवरून उडी मारताना, नाहीतर खड्ड्यात चवडा वाकून. पाऊल नुसतं सुजतं. पहिल्या एक्स-रेत सुमारे पाचापैकी एक इजा नजरेतून सुटते, आणि 'मुका मार' म्हणून माणूस घरी जातो. तळपायाला, मधल्या कमानीच्या जागी काळंनिळं झालं असेल तर ते मुका मार समजू नका. दोन्ही पावलांवर उभं राहून एक्स-रे काढा आणि डाव्या-उजव्याची तुलना करा. उभं राहता येत नसेल तर सीटी. शेतात अनवाणी राबणाऱ्या माणसाची कमान बसली तर त्याचं चालणंच संपतं.

तिसरी जागा मनगटावर आहे, आणि तिच्यापासून चौथीपर्यंत एक माळच लागते.

तळहात खाली करा आणि मनगटाच्या मागच्या बाजूला, साधारण मधल्या बोटाच्या रेषेत चाचपा. लागलेला छोटा कंगोरा म्हणजे लिस्टर्स ट्यूबरकल. अंगठा वर उचलणारं टेंडन या कंगोऱ्याला वळसा घालून जातं. जोसेफ लिस्टरनं 1865 मध्ये किडलेल्या मनगटावरची शस्त्रक्रिया मांडली होती. सर्जन आजही मनगट उघडताना हाच कंगोरा चाचपून सुरुवात करतात. आपल्याकडं पावसाळा लांबतो, अंगणातल्या फरशीवर शेवाळ धरतं, आणि साठीच्या मावश्या हात टेकून पडतात. मनगट जेवणाच्या काट्यासारखं वाकडं होतं, ते कॉलिस फ्रॅक्चर, डब्लिनच्या अब्राहम कॉलिसनं 1814 मध्ये नुसतं वरून बघून वर्णन केलेलं. ते वाकडेपण सगळ्यांना दिसतं. मला सांगायचंय ते न सरकलेल्या, साध्या वाटणाऱ्या मोडीबद्दल. प्लास्टर निघतं, हाड जुळलेलं असतं, आणि काही आठवड्यांनी एक दिवस अंगठा वर उचलतच नाही. दुखतही नाही. कंगोऱ्यापाशी घासून, रक्तपुरवठा तुटून ते टेंडन तुटलेलं असतं. घरचे प्लास्टर घालणाऱ्याला दोष देतात, तसं नसतं. अंगठ्याशेजारच्या बोटाचं एक जादा टेंडन तिकडं वळवून अंगठा पुन्हा चालू करता येतो. म्हणून प्लास्टर काढल्यावर प्रत्येक वेळी पेशंटला तळहात टेबलावर ठेवून अंगठा वर उचलून दाखवायला सांगा. फिजिओथेरपिस्टनं हे केलं तर डॉक्टरच्या आधी तिलाच ते कळेल.

या लिस्टरचं खरं काम मात्र दुसरं. लंडनला शिकत असताना विल्यम शार्पी हा त्याचा प्राध्यापक. हाडावरचं पातळ आवरण हाडात रोवून धरणारे जे धागे असतात, ते शार्पीज फायबर्स. दातही त्यांच्याच आधारानं जबड्यात टिकतो. शार्पीच्या सल्ल्यानं लिस्टर एडिंबरोला गेला, पुढं ग्लासगोला प्राध्यापक झाला. तिथं ऑगस्ट 1865 मध्ये गाडीचं चाक पायावरून गेलेला अकरा वर्षांचा मुलगा आला, नडगी मोडलेली आणि तिथली कातडी फाटलेली. त्या काळी अशा जखमेत पू व्हायचा, आणि पाय कापणं हाच उपाय समजत. लिस्टरनं जंतू मारणाऱ्या कार्बोलिक ॲसिडमध्ये भिजवलेल्या पट्ट्या ठेवल्या. पाय वाचला, मुलगा चालत घरी गेला. 1867 मध्ये त्यानं ही पद्धत छापली. जर्मनीत ती उचलून धरणाऱ्या पहिल्या सर्जनांपैकी एक होता हाले शहरातला रिखार्ड व्होल्कमन. त्याचा बाप आल्फ्रेड विल्हेल्म व्होल्कमन शरीरक्रियाशास्त्राचा प्राध्यापक. हाडात उभे जाणारे सूक्ष्म मार्ग क्लॉप्टन हॅव्हर्सच्या नावानं ओळखले जातात, ते त्यानं 1691 मध्ये मांडले. त्या उभ्या मार्गांना आडवे जोडणारे मार्ग बापाच्या नावाचे, व्होल्कमन्स कॅनॉल. मुलाचं नाव लागलं ते एका भयंकर विकृतीला, व्होल्कमन्स काँट्रॅक्चर. मुलीच्या परीक्षेत हे दोघे हमखास एकच समजले जातात, तेवढं लक्षात ठेवायला सांगा.

चौथी जागा हीच, कोपराखालचा हात. याच मुलाच्या, म्हणजे रिखार्डच्या, कामासाठी मी हे उत्तर लिहायला घेतलं असं म्हटलं तरी चालेल.

1881 मध्ये रिखार्ड व्होल्कमननं लिहिलं, की मोडलेल्या हाताला फार घट्ट बांधलं की रक्त कोंडतं आणि स्नायू मरतात. कोपरापासून बोटांपर्यंतच्या स्नायूंना बंद कप्प्यांमध्ये राहावं लागतं. मोड झाल्यावर आत सूज वाढते. बाहेरून बांबूच्या कामट्या आणि चिंध्या करकचून आवळलेल्या असल्या तर सुजेला पसरायला जागा नसते, आतला दाब वाढतो, रक्त पोचत नाही. साधारण सहा तासांत स्नायू मरायला लागतात. पुढं मेलेला स्नायू आक्रसतो, मनगट आत वळतं, बोटं पंजासारखी आखडतात, आणि तो हात पेन्सिलसुद्धा धरू शकत नाही.

जास्तीत जास्त वेळा हे पाच ते आठ वर्षांच्या मुलांना होतं. आंब्याच्या नाहीतर जांभळाच्या झाडावरून पडायचं, कोपराच्या वर हाड मोडायचं. खानापूरच्या जंगलाकडच्या वाड्यांवरून मोठ्या दवाखान्यापर्यंत यायला वेळ लागतो, पैसा लागतो, आणि हाड बसवणारे जवळ असतात, ओळखीचे असतात, रात्रीसुद्धा दार उघडतात. त्यांना शिव्या देऊन काही होत नाही, आणि त्या द्याव्यात असं मला वाटतही नाही. विलायतेतला ह्यू ओवेन थॉमस, ज्याच्या नावाचा थॉमस स्प्लिंट आपण आजही मांडीच्या मोडीला लावतो, तो वेल्समधल्या हाडवैद्यांच्या घराण्यातलाच. बाप इव्हान थॉमस लिव्हरपूलला हाडं बसवायचा, आणि पदवीधर डॉक्टर त्याला कोर्टात खेचायचे. मुलाला त्यानं वैद्यक शिकायला पाठवलं, आणि घरची हातोटी शास्त्राला मिळाली. आपल्याकडच्या सुश्रुतसंहितेत तर मोडीवर वड, उंबर, पळस अशा झाडांच्या साली आणि बांबू बांधायला सांगताना स्पष्ट म्हटलंय, की सैल बांधलं तर सांधा स्थिर राहत नाही, फार घट्ट बांधलं तर सूज, वेदना आणि पाक (म्हणजे पू) होतो, म्हणून बेताचं बांधावं. व्होल्कमनच्या कितीतरी शतकं आधीचं हे आहे. जे हाडवैद्य भेटतात त्यांच्याशी मी याच मुद्द्यावर बोलतो, आणि त्यांना ते पटतं. निदान कोपराजवळची मोड बांधू नका, लाकडाच्या फळीवर सैल टेकवून पाठवा, एवढी विनंती करतो. काही जण खरोखर पाठवतात.

आईबापांनी काय बघायचं ते सांगतो. बांधल्यावर मूल थोडं रडून शांत व्हायला हवं. ते तासातासाला जास्त रडत असेल, औषध देऊनही थांबत नसेल, तर ते हट्टीपणा करत नाही. बोटांची टोकं हळूच धरून सरळ करा. त्यानं मूल किंचाळलं तर तीच सर्वांत खरी खूण. हात दगडासारखा घट्ट लागणं, बोटं सुन्न होणं, पांढरी किंवा निळी पडणं या नंतरच्या खुणा, त्यांची वाट बघायची नाही. नाडी लागतेय म्हणून सगळं ठीक आहे असंही समजू नका. आत स्नायू मरत असताना मनगटाची नाडी लागत राहू शकते.

अशा वेळी बांधलेलं सगळं ताबडतोब कापा, कामट्या, चिंध्या, कापूस, थेट कातडी दिसेपर्यंत. प्लास्टर असेल तर ज्यानं घातलं त्याच्याकडं किंवा जवळच्या सरकारी दवाखान्यात जाऊन रात्रीच्या रात्री उभं चिरून घ्या. हाड सरकेल याची भीती बाळगू नका, सरकलेलं हाड उद्या बसवता येतं. हात गळ्यात उंच लटकवू नका, छातीच्या पातळीला ठेवा. मुलाला खायला-प्यायला देऊ नका, कारण ऑपरेशन लागू शकतं. आणि तासाभरात आराम पडला नाही तर थांबू नका, जिथं ऑपरेशनची सोय आहे तिथं पोचा. कप्पे चिरून मोकळे केले की स्नायू वाचतो. एकदा हात आखडला की नंतर स्नायू खाली सरकवणं, टेंडन बदलणं अशी मोठी ऑपरेशनं करावी लागतात, आणि ती करूनही पूर्वीचा हात परत येत नाही.